‘तारीखच नाही, तर फी कसली?’ : एका वकीलताईंना उत्तर

(सप्टेंबर २०२०)

पत्र : मॅडम, मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. वाटपाचे दावे, मनाई हुकमाची प्रकरणं आणि एका पतसंस्थेच्या चेक बाउन्सच्या केसेस हे माझं मुख्य काम. मार्चअखेरपासून मिळकत जवळजवळ बंद आहे. पक्षकाराला फोन केला की तो म्हणतो, “मॅडम, तारीखच नाही, तर फी कसली?” मिस्टरांचे क्लासेस बंद आहेत, घराचा हप्ता आहे, दोन्ही मुलं एकाच मोबाइलवर शाळा करतात. ऑफिसात एक ज्युनिअर मुलगी आणि एक टायपिस्ट आहेत. टायपिस्टचा ऑगस्टचा पगार अजून दिलेला नाही. जाऊबाईंचा घरगुती मसाल्यांचा धंदा बरा चाललाय, त्या म्हणतात भागीदार हो. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, ठेवून तसं करता येईल का, की सनद सस्पेंड करू? माझी मैत्रीण पुण्याच्या एका लॉ फर्ममध्ये आहे, तिला म्हणे जेवायला वेळ नाही. मग माझंच काय चुकलं?

– एक वकील, अहमदनगर जिल्हा

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातले आहेत. तुमचं काही चुकलेलं नाही. तालुक्याच्या वकिलीत पैसा कसा येतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. वकीलपत्र घेताना थोडे, मग प्रत्येक तारखेला पाचशे-हजार, उलटतपासाला वेगळे आणि निकालाच्या वेळी उरलेले, तेही मिळाले तर. म्हणजे तुम्ही रात्री जागून कैफियत लिहिली, निशाण्या लावल्या, सातबारा आणि फेरफार तपासले, या कशाचेच पैसे पक्षकार देत नव्हता. तो पैसे देत होता कोर्टाच्या पायरीवर तुम्ही दिसलात त्याचे. २५ मार्चला लॉकडाउन लागला आणि तुम्ही पायरीवर दिसायच्या बंद झालात. आता कोर्टं मोजक्या माणसांवर चालतायत, पण पुरावा, उलटतपास हे सगळं मागं पडलंय आणि पक्षकाराला गेटच्या आत यायला मिळत नाही. त्याच्या लेखी वकील घरी बसलाय.

तुमच्या मैत्रिणीचं काम मुळात कागदावरचं. मार्चअखेर कंपन्यांना एकदम प्रश्न पडले : भाडं द्यायचं की नाही, माल उचलायचा की नाही, कामगारांचा पगार कापता येतो का. त्या प्रत्येक प्रश्नावर कुणीतरी वकील मत लिहून देत होता आणि त्याचं तासांवर बिल होत होतं. पण सगळ्या शहरी वकिलांचं असं चाललंय असं समजू नका. दिवाळखोरी कायद्याची कामं करणाऱ्यांना विचारा. २४ मार्चला अर्जासाठीच्या थकबाकीची किमान रक्कम एक लाखावरून एक कोटीवर नेली, आणि ५ जूनच्या अध्यादेशानं लॉकडाउनमधल्या थकबाकीवर नवे अर्जच बंद केले. मुंबईतल्या कित्येक वकिलांना तर लोकलमध्ये चढायला परवानगी नाही, कारण वकील अत्यावश्यक सेवेत धरलेले नाहीत. फौजदारीवाल्यांचं मात्र रिमांड आणि जामिनाचं काम एक दिवस थांबलं नाही. त्यात मे महिन्यात राज्य सरकारनं पॅरोलच्या नियमांत बदल करून कोविडपुरता आकस्मिक पॅरोल, म्हणजे कैद्यांची तात्पुरती सुटका, आणला, तेव्हा त्या अर्जांचीही भर पडली. कुणाचं काम वाढलं आणि कुणाचं गेलं हे हुशारीवर ठरलेलं नाही, त्या कामाला कोर्टातली तारीख किती लागते यावर ठरलंय.

म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे : तारखेवर फी घेणं सोडा आणि कामावर फी घ्यायला लागा. आणि काम आहे. तुमच्या कपाटातल्या फायलींतच आहे.

पहिली फाइल पतसंस्थेची काढा, कारण तिथं नुकसान होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं दावे-अपिलं दाखल करायच्या मुदती १५ मार्चपासून वाढवल्या हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या भरवशावर कितीतरी वकील निवांत आहेत. तुम्ही राहू नका. २३ मार्चच्या मूळ आदेशानंतर ६ मेला कलम १३८ च्या, म्हणजे चेक बाउन्सच्या, मुदतीही त्यात आणल्या. पण तो ६ मेचा आदेश नीट वाचा. ज्या भागात वाद आहे किंवा वादाचं कारण घडलं, त्या भागातला लॉकडाउन उठल्यावर पंधरा दिवस, असं त्यात म्हटलंय. आता सांगा, तुमच्या तालुक्यातला लॉकडाउन उठला कधी? कागदावर राज्यात तो ३० सप्टेंबरपर्यंत आहे, पण बाजारपेठ केव्हाची उघडली आणि कोर्टही काही प्रमाणात चालू आहे. उद्या आरोपीचा वकील हाच मुद्दा उलटतपासात काढणार, आणि तुम्ही त्याच्या जागी असतात तर तुम्हीही काढला असता. म्हणून जिथं पंधरा दिवसांची नोटीस पुरी झालीय, तिथं फिर्याद आत्ताच दाखल करा. ज्या फिर्यादीची मुदत आज मोजून भरते, ती उद्यावर टाकू नका.

आणि यापेक्षा मोठा धोका चेकच्या वयाचा आहे. १० जुलैला सर्वोच्च न्यायालयापुढं चेकची वैधता वाढवून मागितली होती. न्यायालयानं त्यात हात घातला नाही. ती मुदत रिझर्व्ह बँकेनं ठरवलेली आहे, बदलायची तर तिनं बदलावी, असं सांगितलं. म्हणजे चेक आजही तारखेपासून तीन महिनेच चालतो. जून-जुलैत कर्जदारांकडून चेक घेऊन संस्थेनं ते कपाटात ठेवले असतील, तर एकेक चेक निकामी होत चाललाय आणि कलम १३८ चा पायाच निघून जातोय. बहुतेक संस्थांच्या वसुली विभागाला हे कुणी सांगितलेलं नसतं. सोमवारी मॅनेजरना फोन करा आणि हातातल्या सगळ्या चेकची यादी मागवा : चेकची तारीख, बँकेत भरल्याची तारीख, परत आल्याचा मेमो, नोटिशीची तारीख, पोच. त्या यादीवरून प्रत्येक चेकपुढं काय करायचं आणि कधीपर्यंत, ते लिहून द्या. हे स्वतंत्र काम आहे, त्याची स्वतंत्र फी सांगा. संस्थेला ती महाग वाटणार नाही, कारण यादीतला एक चेक जरी वाचला तरी तुमच्या फीपेक्षा जास्त वसूल होतं.

त्याच १० जुलैच्या आदेशानं नोटीस आणि समन्स ई-मेलनं, आणि त्याच दिवशी जोडीला व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मेसेजिंगवरून बजावायला मुभा दिलीय. रजिस्टर पोस्ट सोडू नका, पण ही जोड द्या आणि स्क्रीनशॉट फाइलला लावून ठेवा. २०१८ मध्येच मुंबई हायकोर्टानं एका दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस उघडून पाहिल्याची निळी खूण ग्राह्य धरली होती.

मुदतीबद्दल अजून एक, आणि ही ताजी गोष्ट आहे. १८ सप्टेंबरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वाढलीय ती मूळ मुदत; विलंब माफ करण्यासाठी कायद्यात जी जादा मुदत असते, ती वाढलेली नाही. त्या प्रकरणात अपिलाची मूळ मुदत २ फेब्रुवारीलाच संपली होती आणि जादा मुदत १८ मार्चला, म्हणजे १५ मार्चच्या नंतर. अपील मुदतबाह्य ठरलं. तुमच्याकडं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निकाल लागलेल्या ज्या फायली असतील, त्या आज रात्रीच काढून बघा.

आता वाटपाचे दावे. इथं तुम्हाला वाटतंय त्याच्या अगदी उलट परिस्थिती आहे. ११ ऑगस्टला विनीता शर्मा प्रकरणाचा निकाल आला. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत, मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, आहे, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ठरवलं. याआधी २०१५ च्या निकालामुळं आपण कितीतरी बहिणींना “वडील आधी गेले, आता काही होत नाही” असं सांगून परत पाठवलं. आपल्याकडं तर १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीपासूनचा गुंता आहे, कारण तिच्यात त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. आता प्राथमिक हुकूमनामा (हिस्से ठरवणारा कोर्टाचा हुकूम) झाला असला तरी अंतिम हुकूमनाम्याचं काम किंवा अपील प्रलंबित असेल, तर मुलीला मुलाइतका हिस्सा मागता येतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेलं वाटप मात्र उघडता येत नाही, आणि तोंडी वाटणी झाली असं नुसतं म्हणून आता भागत नाही, त्याला सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार लागतो.

याचा अर्थ काय? तुमच्या कपाटातल्या वाटपाच्या जवळजवळ प्रत्येक फायलीतलं हिश्श्यांचं गणित पुन्हा मांडावं लागणार. तुम्ही बहिणीच्या बाजूनं असा किंवा भावाच्या, काम दोघांकडंही आहे. पत्रात तुम्ही या निकालाचा उल्लेखही केला नाहीत याचं मला वाईट वाटलं, पण घरात तीन आघाड्या सांभाळताना निकाल वाचायला शांत तास मिळत नाही, हे मी समजू शकते. तो तास काढा. सकाळी मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत, मोबाइल तुमच्या हातात असताना.

वाटपात आणखी एक गोष्ट यंदा घडलीय. भावंडं गावात आहेत. थोरला पहिल्यापासून गावात, मधला चाकणच्या कंपनीतून मेमध्ये परत आलेला, धाकटा मुंबईहून पास काढून आलेला. एरवी या तिघांना एका तारखेला कोर्टात उभं करायला तुम्हाला दोन वर्षं लागतात. आता ते एकाच अंगणात आहेत आणि एकाच चुलीवर जेवतायत. भांडणंही त्यामुळं पेटलीयत, ते तुम्ही रोज ऐकत असाल. पण तडजोडीची इतकी चांगली वेळ पुन्हा येणार नाही, दिवाळीनंतर ते पांगतील. समोरच्या वकिलांशी बोला, त्यांचीही मिळकत थांबलेलीच आहे. दोघांनी मिळून पक्षकारांना मोकळ्या जागेत, अंतर राखून बसवा. बहिणीला व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि तिला बोलू द्या. तिचा भाऊ तिच्या वतीनं बोलायला लागला तर थांबवा. तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाई कुणी करत असेल, तर नवा निकाल तिला समजावून सांगितल्याशिवाय त्या कागदाला हात लावू नका, मग तुमचा पक्षकार भाऊ असला तरी. जमलं तर तडजोड पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद, तयार करा. लोक अदालतीत दावा मिटला तर कोर्ट फी परत मिळते, हे पक्षकाराला सांगितलं की तो जास्त लक्ष देऊन ऐकतो.

तडजोडीची फी बैठकीची आणि मसुद्याची घ्या. “मॅडम, आत्ता पैसे नाहीत, जमीन मिळाली की त्यातले टक्के घ्या,” असं हमखास कुणीतरी म्हणेल. पैशाची चणचण असताना हा मोह मोठा असतो. घेऊ नका. निकालावर किंवा हिश्श्यावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

मृत्युपत्रांची मागणी सगळीकडं वाढलीय, तुमच्याकडंही येईल. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार हवेत. पक्षकार वयस्क असेल तर त्याला ऑफिसला बोलवू नका, मसुदा फोनवर वाचून दाखवा आणि सहीपुरतं तुम्ही जा. खरेदीखतांचंही तसंच. १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत आहे, जानेवारी ते मार्च दोन टक्क्यांची. ज्यांचे व्यवहार अडून राहिलेत ते आता उरकायला बघणार, आणि त्यांना टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, लागणार. सर्चचं काम तुमच्या ज्युनिअरला येत नसेल तर शिकवायची हीच वेळ आहे.

पक्षकाराला फी कशी मागायची, हा तुमचा खरा अडलेला घास आहे. फोनवर मागू नका. फोनवर तो “बघू मॅडम” म्हणतो आणि तुम्हीही अवघडता. लिहून पाठवा. मी साधारण असं लिहीन :

“नमस्कार आक्का. आपल्या वाटपाच्या दाव्यात पुढची तारीख लांब आहे. पण ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा मुलींच्या हक्काबद्दल महत्त्वाचा निकाल आलाय आणि त्याचा तुमच्या हिश्श्यावर परिणाम होतो. त्यासाठी मला तीन कामं करायची आहेत : गटवार हिश्श्याचा नवा तक्ता, दावा दुरुस्तीचा अर्ज, आणि समोरच्या बाजूशी तडजोडीची एक बैठक. या तिन्हींची मिळून फी अमुक. निम्मी आत्ता, निम्मी अर्ज दाखल झाल्यावर. तक्ता तयार झाला की तुम्हाला फोटो पाठवते.”

रक्कम तुम्ही ठरवा. पण तक्त्याचा फोटो नक्की पाठवा. गट नंबर, क्षेत्र, आक्कांचा आधीचा हिस्सा आणि आताचा हिस्सा एकाच पानावर दिसला की त्यांना कळतं, आपली वकील कामाला लागलीय. ज्यांच्याकडं खरंच काही नाही, ज्यांचा कांदा सडला किंवा दूध डेअरीनं कमी दरानं घेतलं, त्यांच्याकडून आता घेऊ नका, पण काम लिहून ठेवा आणि त्यांना तसं सांगा. हे सगळे तुमचे जुनेच पक्षकार आहेत, त्यामुळं त्यांना कळवण्यात जाहिरातीच्या नियमाचा प्रश्न येत नाही. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र “वाटपाच्या कामासाठी संपर्क” असं काही टाकू नका, तिथं तो नियम लागतो.

आता मसाले. सनद चालू असताना वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. झोपता भागीदार होता येतं, म्हणजे पैसे गुंतवायचे पण धंदा चालवायचा नाही, आणि तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला सोडून नाही असं राज्य बार कौन्सिलचं मत असलं पाहिजे. जाऊबाईंना तुमचे पैसे नकोत, हात हवेत, असं पत्रावरून दिसतं. पाकिटं भरणं, ऑर्डरी घेणं, हिशेब बघणं हे सक्रिय भागीदाराचं काम झालं. गुजरातच्या बार कौन्सिलनं जूनमध्ये वकिलांना काही महिने दुसरा व्यवसाय करू देण्याच्या बाजूनं ठराव केला, ते वाचून आपल्याकडंही अनेकांनी गृहीत धरलंय की आता चालतं. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलच्या सनदेला तो ठराव लागू नाही.

सनद तात्पुरती सस्पेंड करता येते. बार कौन्सिलला कळवून सनदेचं प्रमाणपत्र पाठवायचं, आणि परत सुरू करायची तेव्हा अर्ज करायचा. त्यात लाजिरवाणं काही नाही, आणि दुसरा मार्गच नसता तर मी तुम्हाला तेच करा म्हटलं असतं. पण सगळी वकीलपत्रं सोडावी लागतील, आणि तीही नेमकी कधी? वाटपाच्या फायलींना आत्ता कुठं जीव आलाय तेव्हा. म्हणून माझं मत सस्पेंड करू नका असं आहे.

जोडकमाई हवी असेल तर नियमांनीच एक दार उघडं ठेवलंय आणि ते तुमच्या घरात आहे. वकिलाला शिकवता येतं, कायद्याचंही आणि कायद्याबाहेरचे विषयही. लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत अध्यापन करता येतं. मिस्टरांचे क्लासेस ऑनलाइन सुरू करायचा विचार असेल, तर त्यात रोज एक तास तुम्ही घ्या. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवणारी, कोर्टात उभी राहिलेली शिक्षिका तालुक्याला सहज मिळत नाही.

हप्त्याचं थोडक्यात. हप्ते पुढं ढकलण्याची सवलत ३१ ऑगस्टला संपली. रिझर्व्ह बँकेनं ६ ऑगस्टला कर्जाच्या पुनर्रचनेची मुभा दिलीय, त्यासाठी बँकेला लेखी अर्ज करा, तोंडी विचारून थांबू नका. व्याजाचा आकडा लिहून मागा आणि मगच सही करा. बार असोसिएशनकडं किंवा बार कौन्सिलकडं मदतीचा अर्ज करण्यातही संकोच नको. वकिलांच्या आर्थिक मदतीचा विषय जुलैत सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतलाय, इतकी ही अडचण सगळ्यांची आहे.

राहिल्या तुमच्या ऑफिसातल्या दोघी. ज्युनिअरला तुम्ही काय देता ते पत्रात नाही, म्हणून धरून चालते की काही देत नाही, जसं बहुतेक जण देत नाहीत. तिला पतसंस्थेच्या यादीचं आणि सर्चचं काम द्या, आणि त्या फीतला ठरलेला वाटा तिला त्याच दिवशी द्या. सहा महिने फुकट बसलेली हुशार मुलगी वकिली सोडून जाते, आणि मुलींच्या बाबतीत तर घरचे तेवढ्यात लग्नाचं बघतात. ती गेली तर कोर्टं पूर्ण सुरू होतील तेव्हा सगळ्या तारखा एकदम अंगावर येतील आणि तुम्ही एकट्या असाल.

टायपिस्टला सोडू नका. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणारे टायपिस्ट, झेरॉक्सवाले, स्टँप व्हेंडर यांची दशा आपल्यापेक्षा वाईट आहे. त्यांच्यासाठी कुणी सर्क्युलर काढत नाही. दुरुस्ती अर्ज, नोटिसा, तक्ते, मृत्युपत्रं हे सगळं टाइपच करायचंय, आणि ते तिला घरूनही करता येईल. पतसंस्थेकडून पहिली फी आली की आधी तिचा ऑगस्टचा पगार द्या. निम्मा जमला तर निम्मा द्या, पण उरलेला कधी देणार ते तारखेसकट तिला सांगा.